ब्लॅक फॉरेस्टच्या पायवाटा आणि ती पिवळी खूण : सोलापूरच्या आईवडिलांसाठी मनापासून रिव्ह्यू

आधी मार्क सांगून टाकते, पाचपैकी साडेचार. अर्धा कुठं कापलाय ते पुढं येईलच. हा रिव्ह्यू हॉटेलचा नाही नि टूर कंपनीचा पण नाही. जर्मनीच्या नैऋत्य कोपऱ्यात ब्लॅक फॉरेस्ट म्हणून डोंगराळ भाग आहे, तिथली लोकं त्याला श्वार्त्सवाल्ड म्हणतात, त्या डोंगरातल्या चालायच्या वाटा आणि त्या वाटांवरच्या पाट्या, त्यांचा हा रिव्ह्यू. लिहायचं कारण म्हणजे आमच्या एका कॉलनीतलीच पाच-सहा पोरं आज जर्मनीत आहेत, त्यांचे आईवडील हौसेनं तिकडं जातात आणि दोन-दोन महिने फ्लॅटच्या खिडकीतून बाहेर बघत बसतात, पोरं दिवसभर कामावर, भाषा येत नाही, एकटं बाहेर पडायची धास्ती. मीपण पहिल्या खेपेला तशीच बसून होते. यावेळी बसले नाही, आणि ते कशामुळं जमलं ते सांगायचंय.

मी रिटायर्ड शिक्षिका, वय 59. आमचे हे 64 चे, ह्यांचा उजवा गुडघा अधनंमधनं धरतो. लेक फ्रायबुर्गला असते, तिथल्या युनिव्हर्सिटीत. फ्रायबुर्ग म्हणजे ब्लॅक फॉरेस्टच्या पश्चिम पायथ्याचं गाव, घरांची शेवटची ओळ संपली की लगेच डोंगर. उंचीनं बघाल तर फ्रायबुर्ग आपल्या सोलापूरपेक्षा खाली आहे, ते पावणेतीनशे मीटरवर आणि आपण साडेचारशेच्या आसपास. पण आपल्याकडं सगळं सपाट, चढ बघायचा तर तुळजापूरचा घाट गाठायला लागतो, त्यामुळं डोंगर म्हटलं की आपली माणसं आधीच घाबरतात. त्यांना एकच आकडा सांगते. फेल्डबर्ग हा ब्लॅक फॉरेस्टमधला सगळ्यात उंच डोंगर, आल्प्स सोडले तर सगळ्या जर्मनीत सगळ्यात उंच, तो 1493 मीटर. आणि आपलं कळसूबाई 1646. म्हणजे आपल्या महाराष्ट्रात याच्यापेक्षा उंच उभं आहे, घाबरायचं काही कारण नाही.

तीन वर्षांपूर्वी आम्ही एका टूर कंपनीबरोबर युरोप केलं होतं, नाव लिहीत नाही. त्यात ब्लॅक फॉरेस्ट होतं, ब्रोशरमध्ये अर्धं पान भरून डोंगराचा फोटो. प्रत्यक्षात टिटिझे तळ्याच्या काठी बसमधून उतरवलं, कुकू घड्याळांच्या दुकानात पाऊण तास, केकचा एक तुकडा, तळ्यापाशी ग्रुप फोटो, आणि चला चला बस निघाली. डोंगर बघितला तो बसच्या काचेतून. त्या दुकानाच्या मागनं एक वाट झाडीत वर जात होती, त्या वाटेवरनं एक आजी-आजोबा, आमच्यापेक्षा नक्की दहा वर्षांनी मोठे, हातात काठ्या घेऊन निवांत वर चालले होते. मी बसच्या पायरीवर उभी राहून त्यांच्याकडं बघत होते. तो चटका तीन वर्षं राहिला माझ्या मनात.

म्हणून 2025 ला गणपती विसर्जन झालं आणि आम्ही निघालो ते ठरवूनच, की यावेळी ती वाट चालायची.

जायचं कसं ते आधी सांगते. फ्रायबुर्गच्या मेन स्टेशनवरनं डोंगरात जाणारी ट्रेन मिळते, ही लाइन 1887 ची, पहिली बरीच वर्षं चढावर रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी होती आणि इंजिन तिला धरून वर चढायचं, इतका तीव्र चढ आहे. पुढं 1933 पासून ती पट्टी काढली. गाडी आधी हिमेलराइश नावाच्या स्टेशनवर थांबते, याचा अर्थ स्वर्गाचं राज्य, आणि लगेच पुढं शिरते ह्योलेनटालमध्ये, त्याचा अर्थ नरकाची दरी. दोन्ही बाजूला सरळसोट कडे, मध्ये एका सुळक्यावर हरणाचा पुतळा बसवलेला आहे, पापणी लवेपर्यंत निघून जातो, लेकीनं आधी सांगितलं म्हणून दिसला. ऑस्ट्रियाची राजकन्या मारी आंत्वानेत, जी पुढं फ्रान्सची राणी झाली, ती लग्न होऊन फ्रान्सला निघाली तेव्हा, म्हणजे 1770 साली, तिच्या गाड्यांसाठी या दरीतला रस्ता रुंद केला होता. तासाभराच्या आत तुम्ही वर. पुढं टिटिझेवरनं एक फाटा निघतो, त्याच्यावर फेल्डबर्ग-बेरेनटाल म्हणून स्टेशन आहे, 967 मीटरवर, जर्मन रेल्वेच्या नेहमीच्या रुंदीच्या रुळांवरचं सगळ्यात उंच स्टेशन. तिथनं बस थेट फेल्डबर्गच्या पायथ्याशी सोडते.

तिकिटाचं सांगायचं तर लेकीनं आम्हाला महिन्याचं डॉइचलांडटिकेट काढून दिलं होतं, तेव्हा 58 युरोला होतं, आता वाढलंय. त्यात सगळ्या लोकल गाड्या, ट्राम, बस चालतात, फास्ट गाड्या चालत नाहीत. फक्त एक लक्षात ठेवा, ते सबस्क्रिप्शन असतं, महिन्याच्या 10 तारखेच्या आत कॅन्सल केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. आणि डोंगरातल्या गावात लॉजला राहिलात तर बहुतेक ठिकाणी चेक-इन करताना कोनुस नावाचं पाहुण्याचं कार्ड देतात, त्याच्यावर ब्लॅक फॉरेस्टमधल्या बस आणि ट्रेन फुकट, तुम्ही जो पाहुणा-कर भरता त्यातनंच ते होतं. आम्ही हिंटरत्सार्टनला दोन रात्री राहिलो तेव्हा मालकिणीनं न मागता हातात ठेवलं.

पहिल्या दिवशी फेल्डबर्गला गेलो आणि काही म्हणजे काही दिसलं नाही. पायथ्याशी पाळणा आहे, म्हणजे रोपवे, तो झीबुक नावाच्या टेकाडावर सोडतो, 1448 मीटर, तिथं बिस्मार्कचं स्मारक आहे आणि तिथनं मुख्य माथा अर्ध्या-पाऊण तासाच्या चालीवर. पाळण्यातनं उतरलो तर धुकं इतकं दाट की स्मारक दहा पावलांवर आल्यावर कळलं. वारा असा की ह्यांची टोपी गेली. सप्टेंबर महिना, मोबाईल सांगत होता 6 डिग्री, आणि आम्ही सोलापूरची माणसं, मे महिन्यात 43 काढणारी, स्वेटरवर शाल आणि शालीवर विंडचीटर घालून उभे. लेक म्हणाली, आई, परत जाऊ या का. मी तेवढ्यात ती पाटी बघितली.

आता नीट सांगते, कारण सगळ्या रिव्ह्यूचं मूळ हे आहे. वाट जिथं फुटते त्या प्रत्येक ठिकाणी एक खांब. खांबावर त्या जागेचं नाव आणि समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये. म्हणजे तुम्ही कुठं उभे आहात ते आधी कळतं. मग त्याच्या खाली बाणासारख्या पाट्या, हे ठिकाण इकडं, अंतर इतकं किलोमीटर, आणि नुसतं एक-दोन नाही, दीड, अडीच, असं पॉइंटमध्ये लिहिलेलं. आणि पाटीच्या कडेला एक चौकट, पतंगासारखी टोकावर उभी केलेली. पिवळी चौकट म्हणजे आसपासच्या गावातली वाट, निळी म्हणजे जरा लांबची, आणि लाल म्हणजे वेस्टवेग, ती फॉर्त्सहाइमपासून थेट स्वित्झर्लंडच्या बाझलपर्यंत जाणारी 285 किलोमीटरची वाट, 1900 साली आखलेली. बरं पाटी मागं पडली की संपलं असं नाही, पुढं झाडाच्या बुंध्यावर, दगडावर, कुंपणाच्या खांबावर तीच रंगाची चौकट परत परत दिसत राहते. रस्ता बरोबर आहे, चला, असं कोणीतरी पाठीवर हात ठेवून सांगावं तसं वाटतं. त्या धुक्यात आम्ही एका चौकटीपासून दुसऱ्या चौकटीपर्यंत चालत गेलो, लाल चौकट दिसली की पुढची शोधायची, आणि माथ्यावर पोचलो. वरती हवामान खात्याची वेधशाळा आहे, तिची भिंत हाताला लागली तेवढंच काय ते फेल्डबर्गचं दर्शन. पण मी खूश होते. मला जर्मन येत नाही, तरी मी वाट वाचली होती.

उतरताना जे झालं ते मात्र मी विसरणार नाही. झीबुककडं परत येताना एक सत्तरीचे गृहस्थ खांबापाशी गुडघ्यावर बसलेले. बाजूला छोटी बादली, त्यात पाणी, हातात भांडी घासायचा ब्रश असतो तसला ब्रश, आणि ते त्या चौकटीवरचं शेवाळ घासून काढत होते. घासलं, फडक्यानं पुसलं, मागं सरून लांबनं बघितलं, एक स्क्रू ढिला होता तो खिशातल्या पेचकसानं आवळला. मग पिशवीतनं छाटणीची कात्री काढून पाटीच्या समोर आलेली एक फांदी कापली आणि परत मागं जाऊन बघितलं. लेकीनं विचारलं म्हणून कळलं, ते पगारी नाहीत, हा एवढा पट्टा त्यांनी सांभाळायला घेतलाय, वर्षातनं ठरल्या वेळी येऊन बघून जातात. त्यांची संस्था म्हणजे श्वार्त्सवाल्डफेराइन, 1864 साली फ्रायबुर्गमध्ये निघाली, डोंगर चालणाऱ्यांची जर्मनीतली सगळ्यात जुनी संस्था. काढली कोणी तर तिथल्या कारखानदारांनी आणि खानावळवाल्यांनी, लोकं डोंगरात यावीत आणि आपला धंदा चालावा म्हणून. आज ती संस्था जवळजवळ 24,000 किलोमीटर वाटा सांभाळते. आपण सोलापूर-मुंबई जाऊन येऊन तीस वेळा केलं की तेवढं अंतर होतं, आणि एवढ्या सगळ्या खुणा अशा बादली-ब्रशवाल्या माणसांच्या जिवावर. मी त्यांना हात जोडून नमस्कार केला. त्यांनी ब्रश खाली ठेवून तसाच उलट नमस्कार केला.

दुसरा दिवस पावसात गेला. त्या दिवशी लॉजच्या मालकिणीनं एक शहाणपणाची गोष्ट शिकवली. डोंगरावर वेबकॅम बसवलेले असतात, सकाळी उठल्याबरोबर चहाच्या आधी ते बघायचे. खाली धुकं आहे म्हणून घरात बसायचं नाही, कारण थंडीच्या दिवसांत गार हवा जड होऊन दरीत बसते, धुकं खाली अडकतं आणि वर माथ्यावर कडक ऊन असतं. आणि उलटंही होतं, खाली स्वच्छ आणि वर ढग, जसं आमचं पहिल्या दिवशी झालं. हे मला आधी माहीत असतं तर पहिला दिवस वाचला असता, म्हणून तुम्हाला सांगते.

तिसऱ्या दिवशी साडेसहाला वेबकॅम बघितला आणि ह्यांना हलवून उठवलं. वर पोचलो तेव्हा नऊ वाजले असतील. फेल्डबर्गचा माथा म्हणजे टोकदार शिखर नाही, भलं मोठं गवताळ पठार आहे, झाड नाही, शेकडो वर्षं गुरं चरून चरून मोकळा राहिलेला. दक्षिणेला बघितलं आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. क्षितिजावर या टोकापासून त्या टोकापर्यंत आल्प्सची पांढरी रांग. लेकीनं मोबाईलवर ॲप धरून एकेक नाव सांगितलं, आयगर, म्योंख, युंगफ्राउ, हे तिघं शेजारी शेजारी भावंडांसारखे. मधल्या दऱ्यांमध्ये धुकं भरून राहिलेलं, त्यातनं जवळच्या डोंगरांचे माथे तेवढे वर आलेले. पश्चिमेला ऱ्हाइन नदीचं खोरं आणि त्याच्या पलीकडं फ्रान्समधले व्होज डोंगर, निळे. आमचे हे फार बोलणारे नाहीत. ते तिथं गवतावर पाय पसरून बसले आणि अर्धा तास उठलेच नाहीत, मग म्हणाले, अगं डबा काढ.

डब्यात कडक भाकरी आणि शेंगा चटणी. सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको, पण डोंगरावर न्यायला याच्यासारखी वस्तू नाही. ज्वारीची कडक भाकरी महिनाभर टिकते, बॅगेत दाबली गेली तर तुकडे होतात एवढंच, वजन काही नाही, चटणीत तेल नुसतं शेंगांचं सुटलेलं. मी सोलापुरातनं तीस भाकरी आणि किलोभर चटणी नेली होती. शेजारी एक जोडपं बसलं होतं, त्यांनी कुतूहलानं बघितलं म्हणून दिली, बाईंनी चटणीचं बोट चाटून लेकीला विचारलं की यात नक्की काय काय आहे, आणि चक्क मोबाईलवर लिहून घेतलं.

आम्ही तिथनं पुढं सगळा फेल्डबर्गश्टाइग केला, म्हणजे डोंगराला वळसा घालणारी साधारण 12 किलोमीटरची वाट. तरणी माणसं चार-पाच तासांत करतात, आम्हाला थांबत थांबत सात लागले. वाटेत चार-पाच ह्युट्ट लागतात, पूर्वी गुराख्यांची घरं होती, आता बसून खायची सोय. आणि गुरं अजून आहेत. हिंटरवेल्डर म्हणून गाईंची जात आहे, बुटकी, तांबूस-पिवळट अंग आणि तोंड पांढरं. आमचं माहेर सांगोल्याकडचं, खिलार बैल बघत वाढलेली मी, त्या उंच शिंगांच्या मानानं ही गाय म्हणजे लहान लेकरू वाटली. पण उताराच्या गवतावर ती ज्या सहजतेनं उभी राहून चरत होती ते बघून कळलं, की या डोंगराला हीच गाय पाहिजे, जड जनावर इथं घसरलं असतं नि त्याच्या खुरांनी माती पण ओरबाडली असती. गळ्यातल्या घंटांचा आवाज खालच्या दरीपर्यंत येत होता.

माथ्यावरनं त्सास्टलर ह्युट्टकडं उतरताना वाट दगडांची आहे, ओली होती, आणि तिथं ह्यांच्या बुटाचा तळ निघाला. पुढनं निम्मा, जिभेसारखा लोंबत. हे बूट आम्ही सोलापुरातल्या एका दुकानातनं ट्रेकिंग शूज म्हणून 2,800 रुपयांना घेतले होते, दुकानदारानं सह्याद्रीत कुठंही घाला म्हणून छातीठोक सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी हे असं. माझ्या पोटात गोळा आला, 64 वर्षांचा माणूस, गुडघा दुखरा, ओला दगड आणि तळ नसलेला बूट. मागनं येणाऱ्या एका मुलीनं न बोलावता थांबून तिच्या फर्स्ट-एडच्या पिशवीतनं चिकट पट्टी काढली, स्वतः खाली बसून बुटाभोवती पाच-सहा वेढे मारले, दाबून बघितलं, आणि हसून निघून गेली. त्या पट्टीवर राहिलेली सगळी वाट चालले हे. परत आल्यावर दुकानात गेले तर उत्तर मिळालं की बाहेरच्या देशात वापरलेल्या मालाची गॅरंटी नसते. म्हणून पोटतिडकीनं सांगते, बुटात पैसे वाचवू नका. नवीन बूट घेतले तर आधी इथं महिनाभर घालून सिद्धेश्वर तलावाभोवती रोज फेऱ्या मारा, तळ वाकवून बघा, शिलाई आहे का नुसतं चिकटवलंय ते बघा. आम्ही शेवटी फ्रायबुर्गमध्ये दोघांना नवे घेतले, महाग पडले, पण पाय खूश.

वाटेत जेवलो एका ह्युट्टमध्ये. शाकाहारी माणसाचं काय होणार ही चिंता मलाही होती, मेनूवर मटण-डुकराचेच पदार्थ जास्त, पण दोन गोष्टी बहुतेक ठिकाणी मिळतात. एक केझेश्पेट्झल, चीज घातलेल्या मऊ मऊ शेवया म्हणा, वर तळलेला कांदा. आणि दुसरी म्हणजे बिबेलेसकेस, आपल्या चक्क्यासारखं दाट दही, त्यात बारीक चिरलेली हिरवी पात, मीठ, आणि सोबत तव्यावर परतलेल्या बटाट्याच्या काचऱ्या. ह्यांनी त्याच्यावर घरची चटणी घालून खाल्लं आणि दुसरी प्लेट मागवली. दोन गोष्टी लक्षात ठेवा, ह्युट्टच्या बाकावर बसून घरचा डबा उघडत नाहीत, डबा बाहेर गवतावर खायचा. आणि कॅश ठेवा, बऱ्याच ठिकाणी कार्ड घेत नाहीत.

शेवटी फेल्डझे लागतं, डोंगराच्या कुशीत गोल तळं, हिमयुगातल्या बर्फानं कोरलेलं, 32 मीटर खोल. तिन्ही बाजूंनी कडे चढलेले, पाणी काळसर आणि इतकं शांत की झाडं उलटी दिसत होती. पोहायला बंदी आहे, तळाशी एक दुर्मिळ वनस्पती हिमयुगापासून टिकून आहे तिच्यासाठी. एवढी गर्दी काठावर, पण पाण्यात एकही पाय घातलेला मी बघितला नाही. हा सगळा भाग 1937 पासून राखीव आहे, वाट सोडून गवतात शिरायचं नाही, इथं एक मोठा रानकोंबडा राहतो, माणूस जवळ गेला की तो घाबरून उडतो आणि त्याची थंडीतली ताकद वाया जाते, अशी पायथ्याच्या हाउस डेर नाटुर या माहिती केंद्रात लेकीनं वाचून सांगितलेली गोष्ट. फेल्डझेपासून बस-स्टॉपपर्यंतचा शेवटचा चढ मात्र दमवतो, जवळजवळ पावणेदोनशे मीटर वळणावळणानं वर. शेवटाला चढ आहे हे आधी माहीत असू द्या, ताकद राखून ठेवा.

ज्यांचे गुडघे अजिबात साथ देत नाहीत त्यांनी शाउइन्सलांडला जावं. फ्रायबुर्गमधनंच 2 नंबरच्या ट्रामनं शेवटपर्यंत जायचं, तिथनं 21 नंबरची बस पाळण्याच्या पायथ्याशी नेते. हा पाळणा 1930 सालचा, 3.6 किलोमीटर लांब, वीस मिनिटं तुम्ही हळूहळू झाडांच्या शेंड्यांवरनं जात असता. डोंगर 1284 मीटर. वरती सपाट फेरी मारता येते, आणि तिथली बीचची झाडं बघा, वर्षानुवर्षांच्या वाऱ्यानं एकाच बाजूला झुकलेली, केस मागं उडालेल्या बाईसारखी, एकेकाच्या बुंध्याशी उभं राहिलं की वारा नसताना पण वारा दिसतो. या डोंगराच्या पोटात शेकडो वर्षं चांदीच्या खाणी होत्या. तिथल्या खाणकाऱ्यांनी पैसा देऊन फ्रायबुर्गच्या मोठ्या चर्चला रंगीत काचांच्या खिडक्या करून दिल्या, आणि त्या काचेत खाली कोपऱ्यात खाणीत काम करणारी माणसंच दाखवलीत. चर्चमध्ये जाऊन ती खिडकी नक्की शोधा. आपल्या गिरणगावात वाढलेल्या माणसाला, ज्याच्या घरात कुणी ना कुणी मिलमध्ये किंवा मागावर राबलंय, त्याला ती काच लवकर सोडवत नाही.

आता अर्धा मार्क. पाट्यांवर वाट कळते पण माहितीचे बोर्ड बरेचसे नुसत्या जर्मनमध्ये आहेत, मोबाईलचा कॅमेरा धरून ट्रान्सलेट करत बसायला लागतं, आणि दरीत नेटवर्क जातं. संध्याकाळी बसेस कमी होतात, एक चुकली की तासभर वाऱ्यात उभं राहा, शेवटची बस कितीची ते सकाळीच फोटो काढून ठेवा. वाटेवर टॉयलेट म्हणजे फक्त ह्युट्टमध्ये, तिथं पन्नास सेंटची नाणी लागतात, आपल्या वयाच्या बायकांनी हे लिहूनच ठेवावं. आणि अंतर किलोमीटरमध्ये लिहितात पण चढ किती आहे ते लिहीत नाहीत, दीड किलोमीटर बघून आपण खूश होतो आणि तो दीड सगळा उभा निघतो. यावर माझा उपाय, या खांबावरची उंची आणि जायच्या ठिकाणची उंची यांची वजाबाकी करायची, दोनशेच्या वर आली की काठ्या बाहेर काढायच्या.

गोचीड हा एक विषय घाबरवायला नाही पण सांगायला पाहिजे. गवतात बारीक गोचीड असते, त्यातनं मेंदूला सूज आणणारा आजार होऊ शकतो, या भागात त्याची लस घेतात, लेकीनं आम्हाला जायच्या आधीच डॉक्टरांशी बोलायला लावलं. फुल पॅन्ट, मोजे वर ओढून, आणि रात्री अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागं, काखेत बघायचं. आणीबाणीला नंबर 112, डोंगरातली रेस्क्यूची माणसं पण बहुतेक स्वयंसेवकच आहेत.

आणखी एक सांगायचं राहिलं. त्या वाटांवर समोरनं येणारा प्रत्येक माणूस, म्हातारा असो का लहान पोरगं, हालो म्हणतोच. शहरात ट्राममध्ये एकमेकांकडं न बघणारी तीच माणसं डोंगरावर आली की थांबून बोलतात. आमच्या ह्यांनी दुसऱ्या दिवसापासून सरळ राम कृष्ण हरी म्हणायला सुरुवात केली, आपल्या वारीत कसं वाटेतल्या कुणालाही माऊली म्हणतात, तसं. समोरची माणसं हसून काहीतरी उत्तर द्यायची. एका लहान मुलीनं जसंच्या तसं उलट म्हणून दाखवलं.

परत आलो आणि 6 ऑक्टोबरला कोजागिरी. दरवर्षी आम्ही दोघं सोलापूरहून तुळजापूरला चालत जातो, 45 किलोमीटर, रात्रभर रस्ता माणसांनी भरलेला. यावर्षी तेच फ्रायबुर्गचे बूट घातले. तामलवाडीला चहाला थांबलो तर शेजारच्या वहिनींनी बूट बघून विचारलं, किती चाललात ओ तिकडं, आणि मग पहाटेपर्यंत चालत चालत त्यांना हे सगळं सांगितलं, त्यांचा मुलगा म्युनिकला आहे. त्याच म्हणाल्या लिहून टाका, म्हणून लिहिलं.

पुढच्या सप्टेंबरला बेल्शेन करायचाय, 1414 मीटर. फेल्डबर्गच्या भागाचा कागदी नकाशा माझ्याकडं आहे, सगळ्या रंगांच्या वाटा त्यात छापलेल्या आहेत, कुणी जाणार असेल तर घेऊन जा, फक्त परत आणून द्या. फेल्डझेच्या बाजूला तेलाचा डाग दिसेल, तो चटणीचा आहे, त्याच्या डावीकडनं जी पिवळी चौकट जाते ती वाट धरा.